मक्ता कोणाचा? : रॉकेलच्या व्यापारातील स्पर्धा आणि मक्तेदारी

'मक्तेदारी' हा शब्द अर्थशास्त्राच्या परिभाषेत आज ज्या अर्थाने योजला जातो, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. मक्ता हा सरकाराकडून घ्यावयाचा असे. अबकारीचा मक्ता, जकातीचा मक्ता, बाजारवसुलीचा मक्ता. ठरलेली रक्कम भरावयाची आणि ठरलेल्या मुदतीपुरता तो धंदा किंवा ती वसुली एकट्याने करावयाची, असा तो व्यवहार होता. मक्ता देणारा उघड होता, घेणाराही उघड होता, आणि ज्याने तो दिला त्याला तो काढूनही घेता येत असे. एखादी खाजगी कंपनी कोणाचीही सनद न घेता संपूर्ण धंदा आपल्या हाती आणते तेव्हा तिला मक्तेदार म्हणताना आपण एक रूपकच वापरीत असतो, आणि त्या रूपकाखाली एक प्रश्न झाकला जातो. हा मक्ता दिला कोणी?

निर्वेध व्यापाराच्या कैवाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. सरकारने उघड वा आडमार्गाने अनुग्रह केल्यावाचून मक्तेदारी टिकत नाही, असे ते म्हणतात. इतिहासात त्यांना पुष्कळ आधार सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराचा एकाधिकार १६०० साली राजाज्ञेने मिळाला आणि हिंदुस्थानाच्या व्यापारापुरता तो १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने गेला. इंग्लंडात राजाच्या मर्जीने वाटल्या जाणाऱ्या मक्त्यांना आळा घालणारा कायदा १६२४ सालचा आहे. याच्या नेमके उलट मत मार्क्सने १८६७ साली मांडले. त्याच्या मते स्पर्धा म्हणजे मोठ्या भांडवलाने लहान भांडवल गिळण्याची क्रिया. तेव्हा मक्तेदारी हे स्पर्धेचे औरस अपत्यच ठरते. १९४२ साली शुंपीटरने तिसरी वाट काढली. मक्तेदारी उत्पन्न होते खरी, परंतु नवीन वस्तू, नवीन साधन किंवा नवीन मार्ग पुढे आला की ती कोसळते, असा त्याचा सिद्धांत.

मुक्त बाजार स्पर्धा मारतो की जगवितो, हा वाद या तीन मतांमध्ये आजही चालू आहे. तो निष्फळ होण्याचे एक कारण असे दिसते की 'मुक्त' हे विशेषण दोन भिन्न गोष्टींना लावले जाते. कोणीही कोणाशीही, हव्या त्या अटींवर, हवे तर गुप्तपणे, करार करावा ही एक मोकळीक. कोणाही नवागताने बाजारात यावे आणि इतरांना ज्या दराने वाट मिळते त्याच दराने त्यालाही मिळावी, ही दुसरी. पहिलीला करारस्वातंत्र्य म्हणू, दुसरीला प्रवेशस्वातंत्र्य. सामान्यतः ही दोन्ही हातात हात घालून चालतात म्हणून त्यांतील भेद नजरेस येत नाही. परंतु पहिलीचा उपयोग करून दुसरी विकत घेता येते, आणि ती विकली गेल्याचे पुष्कळदा बाहेर कोणाला कळतही नाही. हा व्यवहार नेमका कसा घडतो ते पाहण्यासाठी खनिज तेलाच्या, विशेषतः रॉकेलच्या, व्यापाराइतके चांगले उदाहरण नाही. न्यायालये आणि चौकशी-मंडळे यांनी त्याची दप्तरे उघडी केली आहेत, आणि तो व्यापार आपल्या घरांपर्यंत आलेला आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात १८५९ साली तेलाची पहिली व्यापारी विहीर लागली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तेलशुद्धीकरणाचा धंदा पाठ्यपुस्तकातील पूर्ण स्पर्धेच्या फार जवळ आलेला होता. कारखाना उभारण्यास थोडे भांडवल पुरे, कृती सर्वांना ठाऊक, माल एकसारखा, आणि विक्रेते शेकड्यांनी. जॉन डी. रॉकफेलर आणि त्याचे भागीदार यांनी जानेवारी १८७० मध्ये क्लीव्हलंड येथे दहा लाख डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन केली तेव्हा देशातील शुद्धीकरणाचा सुमारे एक दशांश भाग तिच्याकडे होता. १८७९ च्या सुमारास तो नऊ दशांशांवर गेला. या नऊ वर्षांत सरकारने तिला कोणताही मक्ता दिलेला नव्हता.

मग काय घडले? याचे उत्तर तेलाच्या कारखान्यात नसून आगगाडीच्या हिशेबात आहे. रेल्वेचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. रूळ एकदा घातले की गाडी भरून गेली काय आणि रिकामी गेली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे दोन कंपन्या एकाच मालासाठी झगडू लागल्या की दर थेट सीमांत खर्चापर्यंत घसरतात आणि दोघींचेही दिवाळे वाजण्याची वेळ येते. क्लीव्हलंडहून न्यूयॉर्ककडे जाण्यास एकाहून अधिक रेल्वे होत्या, शिवाय उन्हाळ्यात जलमार्गही होता. अशा परिस्थितीत स्टँडर्डने एका रेल्वेला रोज साठ वाघिणी माल निश्चितपणे देण्याचे वचन दिले. त्या रेल्वेच्या अधिकाऱ्याने पुढे शपथेवर जो हिशेब सांगितला तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. तुटक मालाच्या वाघिणीला न्यूयॉर्कला जाऊन परत येण्यास सरासरी तीस दिवस लागत, म्हणजे रोज साठ वाघिणी पाठविण्यासाठी अठराशे वाघिणी लागल्या असत्या. पूर्ण तेलाच्याच गाड्या नियमाने सुटू लागल्या तर हीच फेरी दहा दिवसांत होते आणि सहाशे वाघिणींत काम भागते. बाराशे वाघिणींचे भांडवल वाचले. त्या बचतीतला वाटा स्टँडर्डला दरातील सूट म्हणून मिळाला, तर त्यात अन्याय कोणता? मोठ्या गिऱ्हाइकाला स्वस्त देणे हा बाजाराचा जुनाच धर्म आहे, आणि येथवर तरी स्टँडर्डच्या टीकाकारांची बाजू लंगडी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु १८७२ च्या आरंभी जो करार झाला त्याची जात वेगळी होती. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क सेंट्रल आणि ईरी या तीन रेल्वे कंपन्यांनी 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' या नावाच्या एका संघाशी गुप्तपणे करार केला. या संघात स्टँडर्डच्या लोकांचे वजन मोठे होते. तेलक्षेत्रापासून क्लीव्हलंडपर्यंत एका पिंपाचा जाहीर दर ८० सेंट ठरला. संघातील कारखानदारांना त्यातून ४० सेंट परत मिळावयाचे होते. ही झाली सूट. खरी मेख पुढेच होती. संघाबाहेरील कारखानदार जे पूर्ण ८० सेंट भरतील, त्यातूनही ४० सेंट रेल्वेने संघाला द्यावयाचे होते! प्रतिस्पर्ध्याने जितका अधिक माल पाठवावा तितकी संघाची प्राप्ती अधिक. शिवाय इतर सर्व कारखानदारांनी कोणाला किती माल पाठविला याची चलने रेल्वेने संघाकडे पाठवावीत, असेही कलम होते. पहिल्या प्रकारच्या सुटीमागे वाघिणींची खरी बचत होती. या दुसऱ्या वसुलीमागे कोणतीही बचत नाही. ती प्रतिस्पर्ध्यावर बसविलेली खाजगी जकात होय, आणि जकातीचा मक्ता या आपल्या जुन्या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ येथे अनपेक्षितपणे परत येतो. फरक एवढाच की मक्ता देणारे सरकार नव्हते, तीन आगगाड्या होत्या.

बातमी फुटली, तेलक्षेत्रात हलकल्लोळ झाला, आणि एप्रिल १८७२ मध्ये विधिमंडळाने त्या संघाची सनद रद्द केली. या करारान्वये एक पिंपदेखील कधी वाहून नेले गेले नाही. तरीही करार डोक्यावर टांगलेला असताना, अवघ्या काही आठवड्यांत, क्लीव्हलंडमधील बहुतेक प्रतिस्पर्धी कारखाने स्टँडर्डने विकत घेतले. रोख घ्या अथवा आमचे भाग घ्या, असा पर्याय मालकांना होता. ज्यांनी भाग घेतले ते पुढे श्रीमंत झाले, हेही खरे आहे.

येथे एका गाजलेल्या वादाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. स्टँडर्डने तोटा सोसून तेल स्वस्त विकले, प्रतिस्पर्ध्यांना बुडविले आणि मग भाव चढविले, अशी समजूत लोकांत रूढ होती. आयडा टारबेलच्या १९०४ सालच्या इतिहासग्रंथाने ती अधिक दृढ केली. १९५८ साली जॉन मॅगी याने खटल्यातील साक्षीपुरावे तपासून या समजुतीवर हल्ला चढविला. त्याचा युक्तिवाद साधा आणि तीक्ष्ण आहे. बाजारात शंभर पिंपांपैकी मोठी कंपनी नव्वद विकते व लहान दहा. पिंपामागे एक डॉलर तोटा सोसावयाचा म्हटला तर मोठीला नव्वद डॉलर बसतात आणि लहानीला दहाच. शत्रूला दहाचा घाव घालण्यासाठी आपण नव्वदांचा सोसणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. त्यापेक्षा त्याचा कारखाना बऱ्या किमतीला विकत घेणे परवडते, आणि स्टँडर्डने प्रायः तेच केले. मॅगीच्या या लेखानंतर अमेरिकेतील न्यायालये खर्चाखाली विक्रीच्या तक्रारींकडे संशयाने पाहू लागली.

मॅगीचे उत्तर त्याने घेतलेल्या प्रश्नापुरते बरोबर आहे. पण त्याने प्रश्न अरुंद घेतला. लहान कारखानदार विकावयास तयार का झाला, आणि त्या किमतीला का झाला? स्पर्धकाला जेरीस आणण्याचे दोन उपाय असतात. आपला भाव उतरविणे हा एक, आणि त्याचा खर्च वाढविणे हा दुसरा. पहिल्यात आपले नुकसान अधिक, दुसऱ्यात आपले काहीच नाही. १९९६ साली एलिझाबेथ ग्रॅनिट्झ आणि बेंजामिन क्लाइन यांनी हीच बाजू उलगडून दाखविली. त्यांच्या मांडणीप्रमाणे स्टँडर्ड ही मुळात रेल्वे कंपन्यांच्या आपसातील समझोत्याची राखणदार होती. कोणत्या रेल्वेला किती माल मिळावा हे प्रमाण ती सांभाळी, त्यामुळे रेल्वेंमधील दरयुद्ध थांबे, आणि या कामाची बिदागी म्हणून तिला इतरांपेक्षा स्वस्त वाहतूक मिळे. म्हणजे तेलाच्या धंद्यातील स्पर्धा मेली ती वाहतुकीच्या धंद्यातील स्पर्धा मारण्याच्या मोबदल्यात.

ग्राहकाचे यात काय झाले? शुद्ध तेलाचा घाऊक भाव १८७० साली गॅलनला सुमारे २६ सेंट होता. १८९० पर्यंत तो आठ सेंटांच्या आत आला. स्टँडर्डचे समर्थक हा आकडा नेहमी पुढे करतात, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. कच्च्या तेलाचे भावही याच काळात पुष्कळ खाली आले होते, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची बचतही खरी होती. परंतु मक्तेदाराने भाव उतरविला एवढ्यावरून स्पर्धा असती तर तो आणखी किती उतरला असता हे कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत नाही. ते वाट कोणाच्या ताब्यात होती, यात आहे. १८८५ साली ओहायोतील मॅरिएटा येथील जॉर्ज राइस या कारखानदाराला स्थानिक रेल्वेने पिंपामागे ३५ सेंट आकारण्यास आरंभ केला. स्टँडर्डकडून ती १० सेंट घेत होती, आणि राइसच्या ३५ पैकी २५ सेंट स्टँडर्डच्या पदरात टाकीत होती. ती रेल्वे त्या वेळी न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात होती! प्रकरण उघडकीस येताच न्यायाधीशांनी त्याला दूर केले. १८७२ साली जो करार रद्द झाला म्हणून लोकांनी उत्सव केला, त्याचेच कलम तेरा वर्षांनी एका आडबाजूच्या मार्गावर जिवंत होते.

रेल्वेला वळसा घालणारा नवागत निघालाच नाही असे नाही. टाइडवॉटर कंपनीने १८७९ च्या मे महिन्यात डोंगर ओलांडून सुमारे ११० मैलांचा तेलाचा नळ पुरा केला. एवढ्या लांबीवरून आणि एवढ्या चढावरून तेल जाईल यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता, ते गेले. शुंपीटर म्हणतो ते हेच. जुना मार्ग ज्याच्या मुठीत, त्याची मूठ नव्या मार्गाने सोडविली. पण गोष्ट येथे संपत नाही. स्टँडर्डने स्वतःचे नळ समुद्रापर्यंत घातले आणि १८८३ साली दोघांत करार झाला : नळांवरील वाहतुकीपैकी साडेअठ्ठ्याऐंशी टक्के स्टँडर्डची, साडेअकरा टक्के टाइडवॉटरची. नव्या साधनाने मक्तेदारी मोडली आणि करारस्वातंत्र्याने ती चार वर्षांत परत जोडली.

यापुढील कायद्याचा इतिहास विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. १८८२ चा ट्रस्ट, १८९० चा शर्मन कायदा, १८९९ ची न्यू जर्सीतील धारक कंपनी, आणि १५ मे १९११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्याने कंपनीचे चौतीस तुकडे केले. मात्र एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. निकालापूर्वीच स्टँडर्डचा शुद्धीकरणातील वाटा सुमारे ६४ टक्क्यांवर आला होता. जानेवारी १९०१ मध्ये टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा फुटला आणि जुन्या नळांशी ज्यांचा संबंध नव्हता अशा गल्फ, टेक्सास इत्यादी कंपन्या उभ्या राहिल्या. न्यायालयाने जे केले ते भूगर्भाने आधीच अर्धेअधिक केले होते, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे कठीण आहे. त्याबरोबर हेही पाहावे की १९०३ च्या कायद्याने सुटीचे गुप्त करार निषिद्ध झाले होते आणि १९०६ च्या कायद्याने तेलाचे नळ सार्वजनिक वाहतुकीची साधने ठरली होती. त्या मानाने १९११ चे विभाजन अधिक गाजले, परंतु चौतीस कंपन्यांचे भागधारक तेच राहिले आणि रॉकफेलरची संपत्ती निकालानंतर वाढली.

आता हाच व्यापार हिंदुस्थानात पाहू. 'रॉकेल' आणि 'घासलेट' हे दोन्ही शब्द इंग्रजीतून अपभ्रष्ट होऊन आले असे मानतात. पहिला 'रॉक ऑइल'वरून, दुसरा 'गॅसलाइट'वरून. तेल आले ते पत्र्याच्या डब्यांतून. तेल संपल्यावर तो डबा पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास आणि शेवटी कापून छपरास उपयोगी पडे. डब्याचे महत्त्व व्यापाऱ्यांना कसे कळले याची एक कथा प्रसिद्ध आहे. मार्कस सॅम्युएलच्या 'म्यूरेक्स' या टाकीजहाजाने १८९२ साली बाटुमीचे रशियन तेल सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आणले. सुटे तेल स्वस्त पडेल आणि गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येईल असा त्याचा अंदाज होता. पौर्वात्य गिऱ्हाइकाला डबा हवा होता! तेव्हा स्टँडर्डच्या निळ्या डब्यांपुढे सॅम्युएलला लाल डबे काढावे लागले. ज्याला आजचे ग्रंथ प्रवेशातील अडथळा म्हणतात तो नेहमीच कपटाचा असतो असे नाही. कधी तो नुसता डब्याचा असतो.

या बाजारात अमेरिकन, रशियन आणि ब्रह्मी असे तीन प्रवाह होते. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत असल्याने १८८६ साली निघालेल्या बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाला आयातकर नव्हता. तेव्हा स्पर्धेला भरपूर वाव असावा. परंतु १९०५ साली बर्मा ऑइल आणि शेलच्या गटातील एशियाटिक कंपनी यांनी बाजाराच्या वाटणीचा करार केला. मोठी ठिणगी पडली १९२७ साली. १९११ च्या निकालाने स्वतंत्र झालेली स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यूयॉर्क सोव्हिएट सरकारकडून रॉकेल घेऊन हिंदुस्थानात विकू लागली. रॉयल डच शेलच्या रशियातील विहिरी क्रांतीनंतर सरकारजमा झालेल्या होत्या; तिचा प्रमुख हेन्री डेटर्डिंग याच्या मते हा चोरीचा माल होता. सप्टेंबर १९२७ मध्ये त्याने हिंदुस्थानातील भाव कोसळविले. युद्ध इतर देशांत पसरले, आणि येथील लहान उत्पादकांची कोंडी होऊन १९२८ साली हे प्रकरण टॅरिफ बोर्डाच्या चौकशीपर्यंत गेले. हिंदी गिऱ्हाइकाला तेवढा काळ स्वस्त तेल मिळाले.

या युद्धाचा शेवट कसा झाला? १९२८ च्या उन्हाळ्याअखेर स्कॉटलंडमधील आक्नाकॅरी येथील वाड्यात डेटर्डिंग, न्यू जर्सीच्या स्टँडर्डचा वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचा जॉन कॅडमन एकत्र जमले. १७ सप्टेंबरच्या मसुद्यात तत्त्व ठरले ते असे की ज्याचा बाजारात आज जो वाटा आहे तोच पुढे कायम राहावा. त्याच वर्षी बर्मा आणि शेल यांची हिंदुस्थानातील विक्री बर्मा-शेल या संयुक्त कंपनीकडे आली. करारातून अमेरिकेचा अंतर्गत बाजार वगळला होता, कारण तेथे शर्मन कायदा होता. एखादा कायदा उपयोगी आहे की नाही याचा याहून चांगला दाखला कायद्याच्या पुरस्कर्त्यांना क्वचितच मिळतो.

भाव ठरविण्याची पद्धत तर विशेष अभ्यसनीय आहे. तेल कोठूनही येवो, त्याची किंमत मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकन बंदराच्या भावात तेथपासूनचे जहाजभाडे मिळवून धरावयाची. इराणातील आबादानहून मुंबई जवळ; पण मुंबईच्या गिऱ्हाइकाने भाडे भरावयाचे ते टेक्ससपासूनचे. जे जहाज त्या वाटेने गेलेच नाही त्याचे भाडे! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या हिशेबतपासनिसांनी यास हरकत घेतल्यानंतर इराणी आखात हे दुसरे मूळस्थान मानले जाऊ लागले. या साऱ्या रचनेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला तो १९५२ साली, म्हणजे आक्नाकॅरीनंतर चोवीस वर्षांनी. कौटिलीय अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांनी संगनमताने माल अडविल्यास वा अयोग्य भावाने विकल्यास सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. परंतु संगनमत स्कॉटलंडात आणि गिऱ्हाईक मुंबईत, अशी स्थिती त्या शास्त्रकाराच्या कल्पनेत नसावी.

स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बे येथे स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ साली व बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला, आणि विशाखापट्टण येथे कॅलटेक्सचा १९५७ साली. कच्चे तेल कोठून घ्यावयाचे हे ठरविण्याची मोकळीक करारान्वये या कंपन्यांना होती. १९६० साली सोव्हिएट रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले तेव्हा तिन्ही कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. आपल्या मातृसंस्थांकडून तेल घेण्यास आपण बांधलेल्या आहोत, असे कारण दिले. तथापि त्यानंतर त्यांनी आपल्या तेलावर सूट देऊ केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ऑगस्ट १९६० मध्ये १९५९ साली स्थापन झालेल्या सरकारी इंडियन ऑइल कंपनीसाठी रशियन डिझेलचे पहिले जहाज मुंबईच्या पीर पाव धक्क्याला लागले. दामले समितीने १९६१ साली जाहीर भावांत सूट गृहीत धरण्याची शिफारस केली. पंचवीस-तीस वर्षे हलली नव्हती ती भिंत हलली, कारण संघाबाहेरचा विक्रेता मिळाला आणि त्याचा माल उतरवून घेणारी टाकी व धक्का संघाबाहेरच्या हाती होता. येथे प्रवेशस्वातंत्र्य सरकारने निर्माण केले.

पण सरकारच्या नावाने टाळ्या वाजवून थांबता येत नाही. एस्सो १९७४ साली आणि बर्मा-शेल व कॅलटेक्स १९७६ साली सरकारकडे आल्यावर तीच वाट सरकारची झाली. शतकाच्या अखेरीनंतर खाजगी कंपन्यांना पेट्रोल-डिझेलच्या किरकोळ विक्रीची परवानगी मिळाली आणि रिलायन्सने हजाराहून अधिक पंप उघडले. कच्च्या तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारी कंपन्या खर्चाखाली विकीत राहिल्या. त्यांचा तोटा सरकारी रोख्यांनी आणि तेल-उत्पादक सरकारी कंपन्यांच्या सवलतींनी भरून निघे. खाजगी विक्रेत्याला तो आधार नव्हता. २००८ साली रिलायन्सने आपले पंप बंद केले. मॅगीच्या हिशेबात मोठ्या विक्रेत्याला नव्वदांचा तोटा सोसावा लागतो म्हणून तो असे करीत नाही. हा तोटा दुसऱ्याच्या खिशातून भरला जात असेल तर तो हिशेब लागू पडत नाही, ही त्याच्या सिद्धांताची मर्यादा आपल्या पेट्रोलपंपांनी दाखवून दिली. हेतू स्पर्धा मारण्याचा होता असे कोणी म्हणणार नाही. महागाई रोखण्याचा होता. परिणाम मात्र हेतूला विचारून होत नसतो. पेट्रोलचे भाव २०१० साली व डिझेलचे २०१४ साली मुक्त झाल्यावरच खाजगी विक्रेत्यांना पुन्हा उमेद आली.

भारतीय कायद्याने हा भेद हळूहळू ओळखला. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याचा रोख कंपनीच्या आकारावर होता. अमुक कोटींच्या वर मत्ता म्हणजे संशयित. २००२ च्या स्पर्धा कायद्याने आकार हा गुन्हा मानला नाही, वर्चस्वाचा दुरुपयोग आणि स्पर्धेवरील परिणाम पाहावयास सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो अँड्रॉइड मोठे आहे म्हणून नव्हे. प्ले स्टोअर हवे असेल तर फोन-उत्पादकाने गूगलची बाकीची उपयोजनेही फोनवर आधीपासून घातलीच पाहिजेत, या अटीबद्दल. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले. रेल्वेच्या दराशी या अटीचे साम्य पुरे नाही, कारण येथे प्रतिस्पर्ध्याकडून जादा भाडे घेतले जात नाही. पण वाट एकाची आणि त्या वाटेवर त्याचेच दुकान, हा प्रकार ओळखीचा आहे.

कंपन्यांच्या विलीनीकरणाबाबत मात्र कायदा अजून किमतीच्या मोजमापानेच चालतो. २०२३ च्या दुरुस्तीने, जी सप्टेंबर २०२४ मध्ये अमलात आली, दोन हजार कोटी रुपयांवरील खरेदीची पूर्वसूचना आयोगास देणे बंधनकारक केले. विकली जाणारी कंपनी लहान असली तरी, तिचा येथील व्यवहार भरीव असल्यास. महागड्या खरेदीवर यामुळे लक्ष राहील. ज्या सौद्याची किंमत त्याहून कमी आणि ज्यातील विकली जाणारी कंपनीही ठराविक मत्तेच्या व उलाढालीच्या आतली, तो सौदा आयोगापुढे येत नाही. १८७२ साली क्लीव्हलंडमध्ये घडले ते असेच होते. एकामागून एक घेतलेले छोटे कारखाने, आणि त्यांपैकी एकही एकटा असा नव्हता की ज्याच्या विक्रीची कोणी दखल घ्यावी.